कंदिलाचें कुळ

गेल्या दिवाळींत आमचे एक स्नेही सहकुटुंब घरीं आले होते. दारावरील आकाशकंदिलाकडे पाहून ते म्हणाले, "सण आपला, दिवा आपला, घर आपलें, मग नांव तेवढें परकें कां? 'आकाशदीप' असा सोज्ज्वळ संस्कृत शब्द असतां हा फारशी पाहुणा दारावर कशाला टांगावा?" प्रश्न थट्टेचा नव्हता. शब्दांच्या कुळाची चौकशी मराठी वाचकास नवी नाहीं. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत भाषाशुद्धीच्या वादानें आपल्याकडील मासिकांचीं पुष्कळ पानें व्यापिलीं होतीं. आणि माधव जूलियन यांच्यासारख्या फारशीच्या व्यासंगी कवीनें १९३८ सालीं 'भाषाशुद्धि-विवेक' लिहून शुद्धीची बाजू उचलून धरली होती. तेव्हां स्नेह्यांच्या प्रश्नास हसून वाटेस लावणें आम्हांस प्रशस्त वाटलें नाहीं. परंतु 'कंदील' शब्द फारशींतून आला, एवढें सांगून त्याची चौकशी संपत नाहीं. फारशीच्या अंगणांतही तो पाहुणाच होता. त्याचें जुनें घर शोधावयाचें तर थेट रोमला जावें लागतें, आणि तेथून निघालेल्या त्याच्या भावंडांची भेट घ्यावयाची तर युरोपांतील बहुतेक घरांचे दिवे पाहावे लागतात.

लॅटिन भाषेंत 'कंदेरे' म्हणजे शुभ्र तेजानें झळकणें. रोमन लोक पांढऱ्या रंगास दोन नांवें देत. निस्तेज पांढऱ्यास 'आल्बुस' आणि झळाळणाऱ्या पांढऱ्यास 'कंदिदुस'. अधिकारपदासाठीं लोकांपुढें मतें मागावयास येणारा गृहस्थ आपला झगा खडूनें घासून असाच झळझळीत करी, म्हणून त्यास 'कंदिदातुस' म्हणत. निवडणुकीच्या उमेदवारास इंग्रजींत आज जें नांव आहे, तें त्या झग्यावरूनच पडलेलें आहे. त्याच धातूपासून 'कंदेला' हा शब्द झाला. झळकते ती कंदेला.

मात्र नांव जितकें उजळ, तितकी वस्तु दीन होती. लव्हाळ्याचा गाभा किंवा एखादा दोरा चरबींत, मेणांत अगर राळेंत बुडवून वाळविला कीं कंदेला तयार झाली. 'लुकेर्ना' म्हणजे तेलाचा दिवा हा रोममध्यें मागाहून आला. रोमन लोकांच्या उंच दीपदानास 'कंदेलाब्रुम' म्हणत. पुढें त्यावर तेलाचे दिवे ठेवूं लागले, तरी नांव जुन्या वातीचेंच राहिलें. ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकांतील वार्रो या पंडितानें आपल्या लॅटिन भाषेवरील ग्रंथांत या गोष्टीची नोंद केली आहे. वस्तु बदलली तरी नांव टिकतें, ही खूण या शब्दाच्या चरित्रांत पहिल्यापासूनच आढळते.

सुखवस्तु घरांत तेल आलें, तरी गरिबाची सोबत कंदेलेनें सोडिली नाहीं. ज्युव्हेनल कवीच्या तिसऱ्या उपहासकाव्यांत रोमच्या रस्त्यांवरील रात्र रंगविली आहे. धनिक मनुष्य नोकर, सोबती आणि दिवे यांचा लवाजमा घेऊन चालतो. गरिबाला वाट दाखविणारे दोघेच. एक चंद्र आणि दुसरी अल्पायुषी कंदेला, जिची वात त्याला काटकसरीनें पुरवावी लागते. चंद्र आणि कंदेला ही जोडी वाचकांनीं लक्षांत ठेवावी. पुढें तिच्याशीं आपलें काम आहे.

रोमचें पश्चिमेकडील साम्राज्य मोडलें, पण त्याची भाषा ख्रिस्ती चर्चमध्यें राहिली, आणि चर्चबरोबर हा शब्द उत्तरेकडील थंड व काळोख्या देशांत गेला. २ फेब्रुवारी हा मेणबत्त्या मंत्रून घेण्याचा सण. त्यास इंग्रज 'कँडलमस', फ्रेंच 'शांदलर' आणि स्पॅनिश लोक 'कान्देलारिया' म्हणतात. तिन्ही नांवांत जळते ती एकच वात.

इंग्लंडांतील वेसेक्सचा राजा आल्फ्रेड (राज्यकाल ८७१ ते ८९९) याचें चरित्र त्याच्या पदरच्या ॲसर या धर्माधिकाऱ्यानें लिहिलें आहे. त्यांत एक मनोरम हकीकत आहे. आपला अर्धा काळ ईश्वरसेवेस द्यावा असें राजानें ठरविलें. परंतु दिवसा ढगांमुळें सूर्य दिसेना आणि रात्रीं तर प्रश्नच नव्हता. मग काळ मोजावा कसा? तेव्हां त्यानें सारख्या वजनाच्या ६ मेणबत्त्या करविल्या. प्रत्येक १२ इंच लांब. प्रत्येकीवर इंचांच्या खुणा. एक मेणबत्ती ४ तास जळे, आणि सहांत अहोरात्र संपे. पण भिंतींच्या व खिडक्यांच्या फटींतून वारा येई, आणि मेणबत्तीबरोबर राजाचा काळही ठरल्यापेक्षां लवकर जळून जाई. यावर त्यानें लांकूड आणि बैलाच्या शिंगाचे तासून पातळ केलेले पारदर्शक तुकडे यांची एक पेटी बनवून तींत मेणबत्ती ठेविली. असा वाऱ्यापासून जपलेला दिवा आपल्या आजीच्या दृष्टीस पडता, तर त्यास तिनें 'कंदील'च म्हटलें असतें! नकळत तिनें त्याला त्याच्या कुळाच्याच नांवानें हांक मारिली असती.

शेजारच्या वेल्स प्रांतांत हा शब्द 'कान्नुइल्ल' झाला. तेथील लोक डोळ्यांतील बाहुलीला 'डोळ्याची मेणबत्ती' म्हणतात. आपणांस डोळ्याच्या मध्यभागीं समोरच्या माणसाची इवलीशी प्रतिमा दिसली, म्हणून आपण तीस बाहुली म्हटलें. त्यांस तेथें दिवा दिसला. रात्रीं स्मशानाच्या वाटेनें जाणारी एकाकी ज्योत दिसली तर कोणाचा तरी अंत जवळ आला, अशी समजूतही तेथें होती, आणि त्या ज्योतीस 'प्रेताची मेणबत्ती' म्हणत. जीवन आणि मरण या दोहोंच्या दारीं एकच शब्द उभा राहिला.

फ्रान्सांत मात्र एका दिव्याचीं तीन नांवें झालीं, आणि नांवावरून घर ओळखावें अशी स्थिति आली. चर्चमध्यें जळे ती 'सिएर्ज'. मेणाला लॅटिनमध्यें 'केरा' म्हणत, त्यावरून हें नांव पडलें. श्रीमंतांच्या दिवाणखान्यांत जळे ती 'बूझी'. तीही मधमाश्यांच्या मेणाची. पण तिचें नांव आल्जीरियाच्या किनाऱ्यावरील बूझी बंदरावरून पडलें, कारण तेथून मेण येई. या बंदरास आज बेजाया म्हणतात. आणि सामान्य माणसाच्या कोनाड्यांत जळे ती 'शांदेल', म्हणजे आपल्या कंदेलेचीच लेक. ती गुरामेंढरांच्या चरबीची असे. तिला धूर फार, घाण फार, आणि दर थोड्या वेळानें कात्रीनें तिच्या वातीचें गूल कापावें लागे.

परंतु म्हणी जन्मास येतात त्या गरिबाच्या घरीं. फ्रेंच भाषेंतील म्हणींत बूझी क्वचित् आढळते. शांदेल जागोजाग आहे. 'खेळ शांदेलीच्या किंमतीचा नाहीं' ही म्हण युरोपभर पसरली. रात्रीं पत्ते खेळावयास बसणाऱ्यांस खेळांतील जिंकीपेक्षां जळलेल्या चरबीचा खर्च अधिक पडावा, असा तिचा मूळ अर्थ. क्षुल्लक काटकसर करणाऱ्यास 'शांदेलीचीं थोटकें वांचविणारा' म्हणत. दोघां प्रेमिकांत नको असलेला तिसरा मनुष्य 'शांदेल धरून उभा' असतो. इंग्रजांनीं मात्र 'मेणबत्ती धरणें' याचा निराळाच अर्थ केला. दुसऱ्याचें काम चाललें असतां उजेड धरणें ही हलक्या नोकराची सेवा, आणि जो तितक्याही लायकीचा नाहीं तो अगदींच कुचकामाचा, असें ते बोलून दाखवितात. एकाच कृतींत फ्रेंचास अवघडलेपण दिसलें आणि इंग्रजास दर्जा दिसला!

इंग्लंडांत हा शब्द दोन वाटांनीं शिरला. धर्मोपदेशकांच्या लॅटिनमधून 'कँडल' आला. पुढें १०६६ सालच्या नॉर्मन विजयानंतर फ्रेंच बोलणाऱ्यांबरोबर 'चँडलर' म्हणजे मेणबत्त्या करणारा व विकणारा आला. या धंद्यांतही वर्णभेद होता. चरबीच्या बत्त्या करणाऱ्यांच्या संघास लंडनमध्यें १४६२ सालीं राजाची सनद मिळाली, आणि मेणाच्या बत्त्या करणाऱ्यांच्या वेगळ्या संघास १४८४ सालीं. पुढें चँडलरच्या दुकानांत साबण, दाणागोटा, दोरखंड असा बारीकसारीक माल येऊं लागला. आणि अखेर जहाजांस सामानसुमान पुरविणाऱ्या व्यापाऱ्यासही तेंच नांव मिळालें. त्याच्या वखारींत आज एकही मेणबत्ती नसली तरी चालतें. त्याच काळांत लिलावाची वेळही मेणबत्तीनें मोजीत. इंचभर मेणबत्ती पेटवावी, आणि ती विझतांना ज्याची बोली शेवटची असेल त्याचा माल, असा दंडक होता. सॅम्युअल पीप्सनें १६६२ सालच्या आपल्या रोजनिशींत अशा लिलावांतील एका चतुर माणसाची गोष्ट नमूद केली आहे. ज्योत मालवण्याच्या क्षणीं धूर खालीं वळतो, हें त्यानें हेरून ठेविलें होतें, आणि त्या खुणेवरून तो नेमकी शेवटची बोली बोलत असे.

ज्या वस्तूवांचून गरिबाची रात्र जात नाहीं, तिच्यावर सरकारची दृष्टि पडल्यावांचून राहत नाहीं. ब्रिटनमध्यें १७०९ सालीं मेणबत्त्यांवर कर बसला, तो १८३१ पर्यंत टिकला. खेडुतांनीं यावर लव्हाळ्याचा आश्रय केला. गिल्बर्ट व्हाइट या धर्मोपदेशकानें सेलबॉर्न गांवच्या निसर्गाविषयीं १७८९ सालीं प्रसिद्ध केलेल्या पुस्तकांत याचा पैचा हिशेब मांडिला आहे. लव्हाळे सोलून, वाळवून, चरबींत बुडवून घेतले तर एका फार्दिंगमध्यें गरीब कुटुंबास साडेपांच तास उजेड मिळतो. अर्ध्या पेनीची, म्हणजे दोन फार्दिंगांची, विकत घेतलेली मेणबत्ती वाऱ्याच्या झोपडींत दोन तासांहून फारशी टिकत नाहीं. त्याच पैशांत अकरा तासांचा उजेड झाला असता. आणि अशी मेणबत्ती विकत घेणारे कोण, तर अत्यंत दरिद्री लोक, हें पाहून त्याला हळहळ वाटते. आम्हांस या ठिकाणीं दुसरीही एक गोष्ट दिसते. सतराशें वर्षांनंतर कंदेला पुन्हां आपल्या पहिल्या रूपास, लव्हाळ्याच्या चरबीभरल्या गाभ्यास, येऊन पोंचली होती.

आतां दक्षिणेकडे वळूं, कारण आपल्या प्रश्नाचें उत्तर त्या बाजूस आहे. स्पेनमध्यें मेणबत्तीस 'बेला' म्हणतात. रात्रीं जागणें या अर्थाच्या क्रियापदापासून तो शब्द झाला. मग 'कान्देला' काय करते? दक्षिण स्पेनांत आणि क्यूबासारख्या बेटांत ती साक्षात् अग्नि झाली. विडी पेटविण्यास विस्तव मागावयाचा तर तेथें कान्देला मागतात. पण स्पॅनिशमध्यें आणखी एक शब्द आहे, 'कान्दील'. चोंच असलेल्या, आंकड्यानें टांगावयाच्या तेलाच्या लहान दिव्याचें हें नांव. मराठी वाचक येथें क्षणभर थबकेल! हा शब्द लॅटिनमधून सरळ आलेला नाहीं. लॅटिन कंदेला ग्रीकांनीं घेतली; त्यांजकडून ती अरबांकडे जाऊन 'किंदील' झाली; आणि ७११ सालीं अरबी फौजा स्पेनांत उतरल्यावर तेथें जें अरबी राज्य झालें, त्या काळांत तिनें आपल्याच माहेराशेजारीं निराळ्या वेषानें पुन्हां प्रवेश केला. एकाच घरांत एक बहीण चूल पेटवीत आहे आणि दुसरी कोनाड्यांत तेवत आहे, पण दोघींची ओळख नाहीं, असा हा प्रकार आहे.

पूर्वेकडे निघालेल्या शाखेचें रूप असेंच पालटत गेलें. ग्रीकांच्या देव्हाऱ्यापुढें टांगलेला तेलाचा दिवा आजही 'कांदीली' आहे. अरबी देशांत मशिदींतून टांगलेल्या कांचेच्या दिव्यांस हें नांव मिळालें. इजिप्त आणि सीरिया येथील कारागिरांनीं तेराव्या-चौदाव्या शतकांत घडविलेले मिन्याच्या रंगांचे असे दिवे जगांतील संग्रहालयांत जपून ठेविलेले आहेत. तुर्कस्तानांत पुण्यरात्रींस मिनारांवर दीप उजळीत, म्हणून त्या रात्रींसच 'कांदील' म्हणूं लागले. तेथून इराण, आणि इराणी भाषेबरोबर दख्खनच्या सुलतानांचे दरबार. कारकुनाच्या लेखणींतून आणि सरदाराच्या वाड्यांतून हा शब्द मराठी घरांत उतरला. आपण त्यास तिसरेंच रूप दिलें. चरबीची वात नव्हे, टांगता तेलाचा दिवाही नव्हे. वाऱ्यापासून आडोसा केलेला तो कंदील. मेणाच्या वातीला आपण आपली स्वतःची 'मेणबत्ती' जोडून घेतली. पुढें रॉकेलचा कांचेचा कंदील गाडीवानाच्या जुवाखालीं आणि विद्यार्थ्याच्या पुस्तकापुढें आला, तरी त्यास नवें नांव शोधावें लागलें नाहीं.

युरोपांत तोंवर हा शब्द दिव्यालाही सोडून गेला होता. मोटारीच्या यंत्रांत ठिणगी पाडणाऱ्या ज्या भागास आपले कारागीर 'प्लग' म्हणतात, त्यास इटलींत 'कान्देला' म्हणतात. फ्रेंचांनीं त्याला 'बूझी' आणि जर्मनांनीं 'पेटविण्याची मेणबत्ती' अशा अर्थाचें नांव दिलें. ना मेण, ना वात. पेटविण्याचें काम तेवढें शिल्लक. आणि शास्त्रज्ञांच्या हातीं तर तो शब्द माप बनला. १८६० सालीं लंडनमधील गॅसच्या उजेडाची पारख करण्यासाठीं कायद्यानें एक मेणबत्ती ठरवून दिली. ती देवमाशाच्या डोक्यांतील मेणाची, एका पौंडांत सहा बसतील अशा वजनाची, आणि तासाला १२० ग्रेन जळणारी असावयाची. जर्मनांचें माप निराळें, फ्रेंचांचें निराळें. १९०९ सालीं ब्रिटन, फ्रान्स व अमेरिका यांचा मेळ बसला, तरी जर्मनी बाहेरच राहिला. अखेर १९४८ सालच्या आंतरराष्ट्रीय परिषदेंत सर्वांस मान्य असें माप ठरलें, आणि त्याचें नांव इंग्रजी, फ्रेंच किंवा जर्मन न ठेवितां 'कंदेला' ठेविलें. ज्या भाषेवर आज कोणत्याही राष्ट्राचा हक्क नाहीं, तिचा शब्द कोणासच परका वाटला नाहीं. १९७९ सालीं या मापाची नवी व्याख्या झाली आणि तें विशिष्ट कंपनसंख्येच्या हिरव्या प्रकाशावर बसविण्यांत आलें. आपण विकत घेतों त्या विजेच्या दिव्याच्या खोक्यावर जे 'ल्यूमेन' छापलेले असतात, तेही याच कंदेलेवरून काढितात. ८०० ल्यूमेनचा दिवा सर्व दिशांस सारखा उजेड देतो असें धरलें, तर त्याचें तेज सुमारें ६४ कंदेला भरतें.

एवढा प्रवास करून आम्ही स्नेह्यांच्या प्रश्नाकडे परत येतों. कंदील परका खरा. पण किती परका? भाषाशास्त्राचे अभ्यासक सांगतात कीं लॅटिन 'कंदेरे' आणि संस्कृत 'चंद्र' हे एकाच प्राचीन धातूचे अंकुर होत. लॅटिनमध्यें जेथें 'क' ऐकूं येतो तेथें संस्कृतांत पुष्कळदां 'च' सांपडतो. त्यांचे 'क्वात्तुओर' ते आपले 'चत्वार', त्यांचे 'क्विंक्वे' ते आपले 'पंच'. 'चंद्र' हें आधीं विशेषणच होतें, आणि त्याचा अर्थ झळकणारा. वेदांत त्याचें 'श्चंद्र' असें जुनें रूप आढळतें, आणि 'हरिश्चंद्र' या नांवांतील 'श्' त्याचीच साक्ष देतो. म्हणजे रोमच्या काळोख्या गल्लींत त्या गरिबाला जे दोन सोबती मिळाले होते, त्यांचें नातें कवीस ठाऊक नव्हतें, आणि लॅटिनमध्यें तें उघड दिसण्याजोगेंही नव्हतें. तें दिसण्यासाठीं एकास संस्कृतांत 'चंद्र' व्हावें लागलें आणि दुसरीला अरब-इराणच्या वाटेनें मराठींत 'कंदील' होऊन यावें लागलें.

यावरून परक्या शब्दांस सर्रास दार मोकळें ठेवावें, असें आमचें म्हणणें नाहीं. आपला चांगला शब्द जिवंत असतां आळसानें दुसऱ्याचा उचलणें हा दोषच होय, आणि ज्यांनीं त्याविरुद्ध झगडा केला त्यांचे मराठीवर उपकार आहेत. 'आकाशदीप' हा शब्दही सुंदर आहे आणि तो वापरावयास कोणाची आडकाठी नसावी. परंतु शब्द ज्या शेवटच्या दारांतून आपल्याकडे आला, त्या दारावरून त्याचें कुळ ठरविणें हा न्याय नव्हे. मनुष्याला काळोखाची भीति सर्वत्र सारखी. उजेडाचा शब्द त्या भीतीबरोबर देशोदेशीं गेला. आणि ज्यानें त्यास घरांत घेतलें, त्याचा तो झाला.

हें सर्व आम्हीं स्नेह्यांस सांगितलें तेव्हां ते बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. मग उठून अंगणांत गेले. अमावास्या होती, आकाशांत चंद्र नव्हता. दारावर कागदाचा कंदील वाऱ्यानें हळूहळू फिरत होता. त्याकडे पाहत ते म्हणाले, "असूं द्या, राहूं द्या त्याला तेथेंच. आज घरचा वडील बाहेर आहे. भाऊबंदांपैकीं कोणी तरी दारांत हवा."